रंगाईच्या सांडपाण्यावर बुरशी: फ्लास्कमधल्या चाचणीपासून चालू कॉलमपर्यंत

कापड रंगवताना वापरलेला सगळा रंग कापडावर बसत नाही. रिअॅक्टिव्ह रंगांच्या (कापडाच्या तंतूशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रंगांच्या) बाबतीत साधारण १० ते ४० टक्के रंग पाण्यातच राहतो. हे रंग धुण्याला आणि उन्हाला टिकावेत म्हणूनच घडवलेले असतात, त्यामुळे नेहमीच्या सक्रिय गाळाच्या टाकीतले (हवा देऊन जिवाणूंकरवी पाणी शुद्ध करणाऱ्या टाकीतले) जिवाणू त्यांना फारसा हात लावत नाहीत. तिथे लाकूड कुजवणारी बुरशी उपयोगी पडते. लाकडातले लिग्निन हे अनियमित बांधणीचे बहुवारिक (पॉलिमर) आहे. ते फोडण्यासाठी पांढऱ्या कुजीच्या बुरशीने पेशीबाहेर सोडायची अशी विकरे (एन्झाइम) कमावली, जी समोरच्या रेणूची नेमकी ठेवण पाहत नाहीत. रंगाचे सुगंधी वलय असो वा अॅझो बंध (दोन नायट्रोजन अणूंमधला), त्यातून इलेक्ट्रॉन ओढून घेता आला की काम झाले.

हे तंत्र सगळ्या कारखान्याच्या एकत्रित सांडपाण्यासाठी नाही, हे आधीच स्पष्ट असू द्या. वेगळ्या काढलेल्या, गडद रंगाच्या आणि तुलनेने कमी आकारमानाच्या प्रवाहावर ते चालते. एकत्रित टाकीत कांजी, साबण, ब्लीच आणि मैला सगळे मिसळलेले असते. तिथे बुरशीची गाठ रंगाशी पडण्याआधीच जिवाणूंशी पडते, आणि ती लढाई ती हरते.

कोणती बुरशी, कोणते विकर

ट्रॅमेटिस व्हर्सिकलर ही सुरुवातीसाठी सर्वांत भरवशाची. २५ ते ३० अंश सेल्सिअसला वाढते, लॅकेस हे विकर भरपूर सोडते आणि गोळ्यांच्या रूपात चांगली राहते. धिंगरी अळिंबी, म्हणजे प्लुरोटस ऑस्ट्रिएटस, मिळायला सोपी आणि चिवट आहे. तिचाही भर लॅकेस आणि मँगनीज पेरॉक्सिडेज या विकरांवर असतो. फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम या विषयातली सर्वांत जास्त अभ्यासलेली बुरशी. लिग्निन पेरॉक्सिडेज १९८३ मध्ये तिच्यातच सापडले. पण तिला ३७ ते ३९ अंश तापमान लागते आणि नायट्रोजन संपत आल्याशिवाय ती हे विकर सोडत नाही. रंगछपाईच्या पाण्यात युरिया असतो, त्यामुळे तिथे ती निराश करते.

विकरांची निवड रंगाच्या जातीवर ठरते. लॅकेसला फक्त हवेतला ऑक्सिजन पुरतो. त्याच्या रेणूत तांब्याचे चार अणू असतात आणि ऑक्सिजनचे ते थेट पाणी करते. अँथ्राक्विनोन जातीचे निळे रंग ते सहज फोडते. अॅझो रंगांपैकी ज्यांत फिनॉलचा गट आहे ते फुटतात. रिअॅक्टिव्ह ब्लॅक ५ सारखे बरेच रंग मात्र मध्यस्थ रेणूशिवाय हलत नाहीत. शुद्ध लॅकेस वापरणारे लोक त्यासाठी सिरिंगाल्डिहाइड किंवा एचबीटी घालतात. जिवंत बुरशी पेरॉक्सिडेजेही सोडते आणि स्वतःचे छोटे मध्यस्थ रेणू बनवते, म्हणून सांडपाण्यासाठी बाटलीतल्या विकरापेक्षा जिवंत कवकजाल (बुरशीच्या तंतूंचे जाळे) परवडते. पेरॉक्सिडेजांना हायड्रोजन पेरॉक्साइड लागते, तेही किंचित, आणि बुरशी ते स्वतः पुरवते. बाहेरून ओतल्यास तेच विकर निकामी होते.

धातू असलेल्या रंगांचा हिशेब वेगळा. फिरोजी रंगाच्या थॅलोसायनिनमध्ये तांबे असते, काही काळ्या-तपकिरी रंगांत क्रोमियम. रंग फुटला की धातू पाण्यात मोकळा होतो. अशा प्रवाहाची धातू-तपासणी आधी आणि नंतर, दोन्ही वेळा करा.

पाणी घेण्याआधीचे मोजमाप

नमुना घेतल्यावर त्याच दिवशी पीएच, विद्युतवाहकता, सीओडी (पाण्यातल्या पदार्थांच्या ऑक्सिडीकरणाला लागणारा ऑक्सिजन), उरलेले क्लोरीन किंवा पेरॉक्साइड (कागदी पट्टी चालते) आणि ४३६, ५२५ व ६२० नॅनोमीटरला शोषणांक (त्या तरंगलांबीचा प्रकाश पाणी किती शोषते) मोजा. मिश्र रंगांसाठी या तीन तरंगलांबी प्रमाणित आहेत. एकच शिखर पाहिले तर एक रंग जाऊन दुसरा उरलेला कळत नाही. नमुना आधी सेंट्रिफ्यूज करा. नायलॉनच्या गाळणीला रंग चिकटतो आणि आकडा फुकट चांगला दिसतो. सगळे वाचन एकाच पीएचला घ्या, कारण बरेच रंग पीएच बदलला की छटा बदलतात.

आता मिठाचा प्रश्न, जो बहुतेक ठिकाणी शेवटी सुचतो. रिअॅक्टिव्ह रंगाईच्या कुंडात मीठ किंवा सोडियम सल्फेट ४० ते १०० ग्रॅम प्रति लिटर असू शकते आणि वर सोडा अॅश. समजा सोडा अॅश २० ग्रॅम प्रति लिटर आहे. पीएच ११ वरून ४.५ वर आणायला दर लिटरला सुमारे १८.५ ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल लागेल, ४.५ लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड फेसाळत बाहेर पडेल आणि पाण्यात आणखी २७ ग्रॅम सोडियम सल्फेटची भर पडेल. म्हणजे निव्वळ कुंडाचे पाणी घेऊन चालणारच नाही. कुंडाचे पाणी आणि त्याच रंगाईच्या पहिल्या दोन धुण्यांचे पाणी असे मिसळा, की आम्ल घातल्यानंतर एकूण क्षार १० ग्रॅम प्रति लिटरच्या आसपास राहतील. मिठाच्या बाबतीत ही पातळी २५ अंशाला सुमारे १७ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर इतकी दिसते. २० ग्रॅमच्या पुढे बहुतेक जातींची वाढ आणि विकर दोन्ही घसरतात. दोन धुण्यांनी भागत नसेल तर तो प्रवाह या तंत्राचा नाही. बाहेरचे स्वच्छ पाणी ओतून आकडा खाली आणणे ही प्रक्रिया नव्हे, पसारा वाढवणे आहे.

आम्ल सल्फ्युरिकच वापरा. हायड्रोक्लोरिकमधले क्लोराइड लॅकेसला अडवते. आम्ल थोडे थोडे, ढवळत आणि टाकीचा वरचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवून घाला, नाहीतर फेस जमिनीवर येतो. पाणी ३० अंशांच्या खाली आल्याशिवाय बुरशीकडे नेऊ नका.

ब्लीचिंगचा अंश सापडला तर सोडियम थायोसल्फेटने मारा, पण मोजून. व्हॅट रंगांच्या (निळीसारख्या) पाण्यात सोडियम हायड्रोसल्फाइट असते. ते विरघळलेला ऑक्सिजन खाऊन टाकते, म्हणून असे पाणी आधी काही तास नुसत्या हवेवर ठेवा. त्या वेळात फिकट झालेला रंग परत गडद होईल. घाबरू नका, तो आधी गेलेलाच नव्हता.

पहिली पायरी: पेट्री डिशवर निवड

माल्ट एक्स्ट्रॅक्ट २ टक्के आणि अगार १.५ टक्के असे माध्यम करा, पीएच ५. त्यात आपल्या रंगाचे १०० ते २०० मिलिग्रॅम प्रति लिटर मिसळून ओता. मध्यभागी बुरशीचा ६ ते ८ मिलिमीटरचा तुकडा ठेवा, २५ ते २८ अंशांवर ७ ते १० दिवस ठेवा. कवकजालाच्या पुढे किंवा खाली रंगहीन वर्तुळ पडले तर ती जात घ्या. कवकजालच रंगीत झाले आणि अगार फिका पडला तर तो रंग फुटलेला नाही, बुरशीला नुसता चिकटला आहे.

प्रयोगशाळेत रिअॅक्टिव्ह रंगाची कोरी भुकटी वापरणाऱ्यांची हमखास चूक म्हणजे ती तशीच विरघळवणे. सांडपाण्यात येतो तो जलविघटित रंग, म्हणजे पाण्याशी आधीच अभिक्रिया झालेला. भुकटीचे द्रावण पीएच १२ ला ८० अंशांवर एक ते दोन तास ठेवून, थंड करून, मग आम्लाने पीएच खाली आणून वापरा. भुकटी तोलताना मास्क आणि हातमोजे हवेतच. रिअॅक्टिव्ह रंगांची धूळ श्वासात जाऊन दमा होऊ शकतो.

दुसरी पायरी: बीज (सुरुवातीची जिवंत बुरशी) आणि फ्लास्क

एका ताज्या प्लेटच्या वाढत्या कडेवरून सुमारे १ चौरस सेंटिमीटरचे चार तुकडे कापा. ५०० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये २ टक्के माल्ट एक्स्ट्रॅक्टचे १५० मिलिलिटर निर्जंतुक माध्यम (पीएच ४.५) घेऊन त्यात टाका. २५ अंश, १३५ फेरे प्रति मिनिट, ५ ते ६ दिवस. जाड कवकजाल तयार झाले की निर्जंतुक मिक्सरमध्ये काही सेकंदांचे दोन-तीन झटके देऊन त्याची लापशी करा. जास्त फिरवले तर तंतू मरतात. ही लापशी नव्या माध्यमात थोडी थोडी घालून परत ५ दिवस हलवत ठेवली की २ ते ३ मिलिमीटरच्या गोळ्या बनतात. गोळ्या ०.८ टक्के मिठाच्या पाण्याने धुऊन घ्या.

रंग काढण्याच्या टप्प्यात माल्ट एक्स्ट्रॅक्ट नको, त्यात नायट्रोजन जास्त आणि स्वतःचा रंगही. दर लिटरला असे घ्या:

ग्लुकोज ५ ग्रॅम
अमोनियम टार्ट्रेट ०.२ ग्रॅम
पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट २ ग्रॅम
मॅग्नेशियम सल्फेट (सात पाण्यांचे) ०.५ ग्रॅम
कॅल्शियम क्लोराइड ०.१ ग्रॅम
थायमिन १ मिलिग्रॅम, गाळून निर्जंतुक केलेले

थायमिन वगळू नका. यांतल्या बऱ्याच बुरशींना ते स्वतः बनवता येत नाही आणि ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) ते बरेचसे नष्ट होते. पाण्यात युरिया किंवा अमोनिया आधीच असेल तर अमोनियम टार्ट्रेट पूर्ण काढून टाका.

लॅकेस वाढवण्यासाठी कॉपर सल्फेट घालण्याची पद्धत आहे: तिसऱ्या-चौथ्या दिवशी, पाच पाण्यांचे १२५ मिलिग्रॅम प्रति लिटर. पहिल्याच दिवशी घातले तर वाढ दबते. पण यात सुमारे ३२ मिलिग्रॅम प्रति लिटर तांबे आले, आणि एवढे तांबे असलेले पाणी कुठेही सोडता येत नाही. म्हणून तांब्याचा डोस फक्त बीज वाढवताना द्या, गोळ्या धुवा, धुण्याचे पाणी वेगळे साठवा. चालू कॉलममध्ये (तिसऱ्या पायरीतल्या उभ्या नळीत) तांबे घालण्याचा सल्ला कोणी दिला तर सरळ नाकारा.

२५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये १०० मिलिलिटर पाणी घ्या. जिवंत गोळ्या, ऑटोक्लेव्ह करून मारलेल्या गोळ्या आणि गोळ्यांशिवायचे पाणी असे तीन संच हवेत, प्रत्येकी तीन फ्लास्क. कोरड्या वजनाने गोळ्या ३ ग्रॅम प्रति लिटरच्या आसपास. ०, २, ६, २४, ४८ आणि ७२ तासांना नमुने. रंगघट म्हणजे सुरुवातीचा शोषणांक वजा आताचा, भागिले सुरुवातीचा, गुणिले १००.

मेलेल्या गोळ्यांचा संच टाळलात तर पुढचे सगळे आकडे निरर्थक आहेत. पहिल्या दोन तासांत रंग अर्ध्यावर येतो आणि माणूस खूश होतो. ते बहुतेक वेळा चिकटणे असते. ओळखायच्या खुणा तीन: मेलेल्या गोळ्यांतही तेवढीच घट दिसते, सगळ्या तरंगलांबींवरचा शोषणांक एकाच प्रमाणात उतरतो, आणि गोळ्या धुऊन मिथेनॉलमध्ये ठेवल्या की रंग परत बाहेर येतो. खरे विघटन असेल तर शिखरांचा आकारच बदलतो आणि सुरुवातीला रंगलेल्या गोळ्या दोन-तीन दिवसांत परत पांढुरक्या होतात. एक खाचखळगा इथे आहे: ऑटोक्लेव्हने पेशीभित्ती उघडी पडते, त्यामुळे मेलेल्या गोळ्या कधी कधी जिवंतपेक्षा जास्त रंग धरतात. म्हणून नुसत्या वजाबाकीवर विसंबू नका, मिथेनॉलची चाचणीही करा.

लॅकेसची पातळी एबीटीएसने (लॅकेसमुळे निळा-हिरवा होणाऱ्या पदार्थाने) मोजतात. पीएच ४.५ चे १०० मिलिमोलर अॅसिटेट बफर, त्यात एबीटीएस, ०.१ मिलिलिटर गाळलेला नमुना, एकूण १ मिलिलिटर. ४२० नॅनोमीटरला दर मिनिटाची वाढ बघा. मोलर शोषणांक ३६,००० आहे. मिनिटाला ०.३६ वाढ आली तर नमुन्यात १०० युनिट प्रति लिटर. नमुना रंगीत असल्याने एबीटीएस न घातलेला कोरा नमुना सोबत वाचावाच लागतो.

तिसरी पायरी: कॉलम

काचेचा किंवा अॅक्रिलिकचा १० लिटरचा उभा कॉलम घ्या, कामाचे आकारमान ७ लिटर. खालून हवा, वरून पाणी. पंख्याने ढवळणारी टाकी नको, पात्यांनी कवकजाल चिरडते. हवा मिनिटाला ३.५ लिटर, म्हणजे आकारमानाच्या अर्धी. बुडबुडे फार बारीक असतील तर फेस होतो. फेसनाशक थेंबाथेंबानेच द्या, कारण त्याने पाण्यात ऑक्सिजन विरघळणेही मंदावते.

बुरशी बसवायला पॉलियुरेथेन फोमचे १ सेंटिमीटरचे ठोकळे उत्तम. उकळत्या पाण्यात १० मिनिटे, तीन वेळा धुवा, मग ऑटोक्लेव्ह. कॉलमचा पाव हिस्सा भरेल एवढेच घ्या. जास्त भरल्यास चार-पाच दिवसांत तंतूंनी सगळे एकमेकांत गुंतून बसते आणि पाणी एकाच वाटेने वाहू लागते. घोसाळ्याची वाळलेली जाळी, लाकडाच्या चिपा, पेंढा हेही चालतात आणि बुरशीला अन्नही देतात. त्यांच्यातून तपकिरी टॅनिन सुटते आणि सीओडी वाढतो, हे मात्र गृहीत धरा. वापराआधी गरम पाण्यात रात्रभर भिजवून ते पाणी फेकले तर त्रास कमी होतो.

फोमवर निर्जंतुक माध्यमात ५ ते ७ दिवस बुरशी चढू द्या. मग पहिले दोन-तीन घाणे सांडपाण्याचे, प्रत्येकी ४८ ते ७२ तासांचे, एकेक भरून-रिकामे करून घ्या. पहिल्या घाण्यात सांडपाणी निम्मे, माध्यम निम्मे. रंगघट स्थिर आली की सतत प्रवाहावर जा: मुक्कामाचा वेळ ४८ तास म्हणजे दिवसाला साडेतीन लिटर, तासाला सुमारे १४५ मिलिलिटर.

ग्लुकोज एकदम ओतू नका. बुरशी रंग खाऊन जगत नाही, तो ती वाटेत फोडते. तिला जगायला साखर लागतेच. पण १ ग्रॅम ग्लुकोज म्हणजे १.०७ ग्रॅम सीओडी. ५ ग्रॅम न वापरलेले बाहेर गेले तर पाण्यात ५३०० मिलिग्रॅम प्रति लिटरची भर, म्हणजे बऱ्याचदा मूळ सांडपाण्यापेक्षा जास्त. पाण्यात उरलेले ग्लुकोज ०.५ ते १ ग्रॅम प्रति लिटर राहील अशा छोट्या मात्रा द्या. साध्या ग्लुकोमीटरने अंदाज येतो, १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे १ ग्रॅम प्रति लिटर, पण आपल्याच पाण्यात माहीत प्रमाणाची साखर घालून त्याची पडताळणी आधी करून घ्या.

पीएच ४.५ ते ५ मध्ये राखा. बुरशी स्वतः ऑक्झॅलिकसारखी आम्ले सोडते, शिवाय अमोनियम खाताना पीएच उतरतो, त्यामुळे हळूहळू ३.५ कडे घसरण होते. सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने सावरा.

बिघडते कुठे

पाणी दुधाळ होते, आंबूस वास येतो, साखर नेहमीपेक्षा झपाट्याने संपते आणि लॅकेस खाली जाते: जिवाणू घुसले. ही सर्वांत नेहमीची तक्रार आणि निर्जंतुक न केलेल्या पाण्यात ती कधी ना कधी येणारच. पीएच ४ वर आणा, एक दिवस साखर बंद, नायट्रोजन पूर्ण बंद, आणि फोमचे एक तृतीयांश ठोकळे काढून ताज्या बुरशीचे घाला. खरे तर ही अदलाबदल बिघाडाची वाट न पाहता आठवड्याला ठरवून करावी. सगळी बुरशी एकदाच म्हातारी झाली की कॉलम उभा करायला पुन्हा दोन आठवडे जातात. कांजी काढण्याचे पाणी या प्रवाहात येत असेल तर जिवाणूंना पंगत मांडल्यासारखेच. ती नळी आधी वेगळी करा. सांडपाणी कॉलमला देण्याआधी तुरटी किंवा तत्सम क्षाराने साकळून घेतल्यासही जिवाणूंचा भार बराच उतरतो.

निळा किंवा लाल रंग जातो पण पाणी तपकिरी होते, ४३६ चा आकडा वर चढतो. लॅकेसने मोकळे केलेले तुकडे एकमेकांना जोडले गेले आहेत. यातले बरेचसे पुढच्या गाळाच्या टाकीत बसतात. मुक्काम वाढवून पाहा. न सुटल्यास शेवटी सक्रिय कार्बन.

लॅकेस भरपूर मोजले जाते आणि रंग मात्र जागचा हलत नाही. एकतर तो रंग लॅकेसचा नव्हे, किंवा क्लोराइड जास्त आहे. एबीटीएसच्या चाचणीत नमुना दहापट पातळ होतो, त्यामुळे तिथे क्लोराइडचा अडथळा दिसत नाही. उलटही घडते: पाण्यात विकर जवळजवळ शून्य, तरी रंग जातो. विकर तंतूंना चिकटलेले असू शकते, किंवा नुसते चिकटणे चालू आहे. मिथेनॉलची चाचणी करा.

गोळ्या ४ मिलिमीटरच्या पुढे वाढल्या आणि कापल्यावर आत पोकळ, काळपट दिसल्या तर गाभ्यापर्यंत ऑक्सिजन पोचत नाही. साखर कमी करा, हवा वाढवा, मोठ्या गोळ्या काढा. हिरवी भुकटी दिसली तर ट्रायकोडर्मा ही घुसखोर बुरशी आली; त्या फोमला वाचवण्याच्या नादी न लागता सगळे काढून कॉलम निर्जंतुक करा.

बाहेर पडणारे पाणी आणि उरलेली बुरशी

कॉलममधून आलेल्या पाण्याचा पीएच ६.५ ते ८ वर आणून ते सक्रिय गाळाच्या टाकीत सोडा. फोडलेले तुकडे आणि उरलेली साखर जिवाणूंना आता पचते. हा क्रम उलटा करू नका: अॅझो रंग आधी ऑक्सिजनविरहित टाकीत गेले तर बंध तुटून सुगंधी अमाइन्स तयार होतात आणि त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. बुरशीचा मार्ग ऑक्सिडीकरणाचा असल्याने तो धोका कमी असतो, पण शून्य मानू नका.

विषारीपणा बीज उगवण चाचणीने स्वस्तात कळतो. ९ सेंटिमीटरच्या डिशमध्ये गाळणकागद, ५ मिलिलिटर पाणी, २० बिया (लेट्यूस किंवा अळीव), अंधारात २५ अंश, ५ दिवस, तीन प्रती. उगवलेल्या बिया गुणिले मुळांची सरासरी लांबी, भागिले साध्या पाण्यातला तोच गुणाकार, गुणिले १००. ८० च्या वर आकडा असेल तर पाणी रोपांना त्रासदायक नाही असे धरतात. चाचणी कच्च्या पाण्यावर, फक्त पीएच सुधारलेल्या पाण्यावर आणि प्रक्रिया केलेल्या पाण्यावर करा. मधला संच नसेल तर सुधारणा बुरशीची की पीएचची, हे सांगता येत नाही. आकडा खाली गेला आणि क्षार १० ग्रॅमच्या वर असतील तर दोष बहुधा मिठाचा.

काढलेली बुरशी आणि फोम रंग व धातू धरून बसलेले असतात. तो रासायनिक गाळच समजून विल्हेवाट लावा, तपासणीशिवाय खतात नको. धिंगरी वापरली असेल आणि कॉलमच्या तोंडाशी छत्र्या उगवल्या तर त्या खाण्याच्या नाहीत. बीजाणू हवेत उडण्याआधी काढून टाका, कारण धिंगरीच्या बीजाणूंनी फुप्फुसांना अॅलर्जी होते. कॉलमच्या वरच्या हवेच्या तोंडाला गाळणी लावा आणि ती ओली झाली की बदला. ओल्या गाळणीमागे दाब चढतो आणि झाकण सुटते.